अंधारातले ढग



या स्मरणिकेत बहुतेकांनी शाळेच्या आठवणी लिहिल्या आहेत. मला मात्र संपादक मंडळाचा निरोप आला, "तुझ्या कामातलं काहीतरी लिही, पण आम्हाला कळेल असं." विषय आपल्या १९९६ च्या बॅचच्या ग्रुपनेच दिला. पावसाळ्यात आणि वादळाच्या दिवसांत तिथे उपग्रहाची चित्रं फिरत असतात. मध्यरात्री दोनचं चित्र येतं, अरबी समुद्रावरचे पांढरेशुभ्र ढग त्यात लख्ख दिसतात आणि कुणीतरी हमखास विचारतं, "रात्री दोन वाजता उजेड कुठून आला? वरून फ्लॅश मारला का?"

प्रश्न थट्टेतला असला तरी मोलाचा आहे. त्याचं पहिलं उत्तर मिळायला उपग्रहयुगातली सुरुवातीची काही वर्षं गेली, आणि ते उत्तर कुठे फसवतं हे कळायला आणखी वीस वर्षं. मी हवामानतज्ज्ञ नाही. इंजिनिअरिंग करून सॉफ्टवेअरमध्ये आले आणि गेली काही वर्षं उपग्रहांकडून येणारे आकडे तपासून पुढे पाठवणाऱ्या प्रणालीवर काम करते. माझ्यासमोर येणारे ढग पांढरे नसतात, ते नुसते आकडे असतात. त्या आकड्यांचा हा इतिहास.

तव्याची ऊब

आधी थोडं आठवीतलं विज्ञान. दिवे गेलेल्या स्वयंपाकघरात तवा तापलेला आहे की नाही हे डोळ्यांना कळत नाही, पण वर हात धरला की न शिवता कळतं. तवा लाल झालेला नसला तरी त्यातून किरण निघत असतात. ते आपल्याला दिसत नाहीत, पण जाणवतात. विल्यम हर्शेल यांनी १८०० साली लोलकातून सूर्यप्रकाशाचे रंग वेगळे केले आणि तांबड्या रंगाच्या पलीकडे, जिथे काहीच दिसत नव्हतं, तिथे तापमापी ठेवला. पारा चढला. हेच आपल्या पुस्तकातले अवरक्त किरण, म्हणजे इन्फ्रारेड.

तापमान असलेली प्रत्येक वस्तू असे किरण टाकत असते. समुद्र, माती, आपण स्वतः, आणि ढगसुद्धा. वस्तू जितकी गरम तितके किरण जास्त. सत्तावीस अंशांचा समुद्र आणि उणे त्र्याहत्तर अंशांचा ढगाचा माथा यांची तुलना केली, तर समुद्रातून एकूण पाचपट ऊर्जा निघते. या सगळ्याला सूर्याची गरज नाही. रात्रीही हा व्यवहार चालूच असतो.

आपल्या आजीलाही हे ठाऊक होतं. थंडीत आकाश निरभ्र असलं की पहाटे गारठा पडतो आणि गवतावर दव साचतं. ढगाळ रात्री उकडतं. निरभ्र रात्री जमिनीची ऊब सरळ आकाशात निघून जाते, आणि ढग असले की ते गोधडीसारखे वर पसरून ती अडवतात. आता त्या गोधडीकडे वरून पाहा. वरून पाहणाऱ्याला खालची उबदार जमीन दिसणार नाही, गोधडीची थंड बाजू दिसेल. रात्री ढग ओळखायची सगळी कला या एका वाक्यात आहे. पुढचा इतिहास ती बाजू किती नेमकी मोजता आली याचा आहे.

नावात इन्फ्रारेड, पण डोळे दिवसाचेच

१ एप्रिल १९६० रोजी अमेरिकेने टायरॉस-१ हा पहिला यशस्वी हवामान उपग्रह सोडला. वजन सव्वाशे किलोच्या आत, त्यावर दोन टीव्ही कॅमेरे. तो अठ्ठ्याहत्तर दिवस चालला आणि त्याने वीस हजारांहून जास्त चित्रं पाठवली. त्याच्या लांबलचक इंग्रजी नावात टेलिव्हिजनबरोबर इन्फ्रारेड हाही शब्द होता, पण ढगांकडे पाहणारं इन्फ्रारेड उपकरण या पहिल्या उपग्रहावर नव्हतंच. त्यामुळे पृथ्वीची जी बाजू उन्हात असेल तेवढीच दिसायची. उरलेली अर्धी पृथ्वी काळोखात.

गंमत म्हणजे उष्णता मोजणारं उपकरण त्याच्याही आधी अवकाशात गेलं होतं. ऑक्टोबर १९५९ मध्ये एक्सप्लोरर-७ या उपग्रहावर विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या व्हर्नर सुओमी यांनी काळे आणि पांढरे रंगवलेले छोटे संवेदक बसवले होते. पृथ्वी सूर्याकडून किती ऊर्जा घेते आणि किती परत टाकते हे त्यांना मोजायचं होतं. रात्रीच्या मोजमापांचे नकाशे केल्यावर दिसलं की, जिथे ढगांचे मोठे पट्टे आहेत तिथून बाहेर पडणारी उष्णता कमी आहे. चित्र अगदी ढोबळ होतं, पण अंधारातले ढग उष्णतेवरून ताडता येतात, याचा तो पहिला पुरावा होता. हे सुओमी पुढे उपग्रह-हवामानशास्त्राचे जनक म्हणून ओळखले गेले. आपल्या सर-बाईंसाठी मुद्दाम सांगते, त्यांनी नोकरीची सुरुवात शाळेत विज्ञान आणि गणित शिकवण्यापासून केली होती.

नोव्हेंबर १९६० मध्ये टायरॉस-२ गेला आणि त्यावर इन्फ्रारेड उपकरण आलं. पण त्याचा एक ठिपका जमिनीवर पन्नास-साठ किलोमीटर रुंद होता. इतक्या मोठ्या ठिपक्यात समुद्र, बेट आणि ढग सगळं मिसळून एकच सरासरी आकडा येतो.

पहिली खरी रात्र

२८ ऑगस्ट १९६४ रोजी निम्बस-१ हा उपग्रह गेला. रॉकेटचा शेवटचा टप्पा ठरल्यापेक्षा कमी जळाला, त्यामुळे गोल कक्षेऐवजी लांबट कक्षा मिळाली. महिनाभरात त्याचे सौर पंखे अडकले आणि तो बंद पडला. पण त्या महिन्यात त्याच्यावरच्या उच्च विभेदनाच्या इन्फ्रारेड उपकरणाने काही किलोमीटरपर्यंतचा तपशील दाखवणारी रात्रीची ढगचित्रं पाठवली. अटलांटिकवरची चक्रीवादळं मध्यरात्री, त्यांच्या गोल पट्ट्यांसह, पहिल्यांदाच अशी दिसली.

या उपकरणाने ३.४ ते ४.२ मायक्रॉनची तरंगलांबी वापरली होती. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. त्या काळच्या संवेदकांना ती सोयीची होती, पण तिच्यात दोन अडचणी होत्या. एक म्हणजे दिवसा सूर्याचं परावर्तित ऊन याच पट्ट्यात मिसळतं, त्यामुळे ती रात्रीच कामाची. दुसरं, या तरंगलांबीला अतिथंड ढगांकडून येणारी ऊर्जा समुद्राच्या तुलनेत शेकडो पटींनी कमी असते, म्हणून उंच ढगांच्या माथ्याचं तापमान खात्रीने सांगता येत नाही. पुढे संवेदक सुधारले आणि सगळे अकरा मायक्रॉनच्या आसपास आले. तिथे वातावरणात एक खिडकी आहे. वाफ आणि कार्बन डायऑक्साइड त्या तरंगलांबीचे किरण फारसे शोषत नाहीत, म्हणून खालची ऊब बरीचशी सरळ वर पोहोचते. जानेवारी १९७० मध्ये गेलेल्या आयटॉस-१ पासून दिवस आणि रात्र अशी दोन्ही वेळची ढगचित्रं रोजच्या कामात मिळू लागली.

इथे एक छोटी पण महत्त्वाची गोष्ट घडली. उष्णतेचं चित्र जसंच्या तसं छापलं, तर गरम समुद्र उजळ आणि थंड ढग काळे दिसतील. पण हवामानखात्यांतल्या माणसांच्या नजरेला पांढऱ्या ढगांची सवय होती. म्हणून चित्र उलटं केलं गेलं, थंड ते पांढरं आणि गरम ते काळं. आपल्या ग्रुपवर येणारं मध्यरात्रीचं चित्र असं उलटवलेलं असतं. तो फोटो नाही, तापमानाचा रंगवलेला तक्ता आहे. त्यातला पांढरेपणा उजेड दाखवत नाही, थंडी दाखवतो. आणि हवेत वर गेलं की साधारणपणे दर किलोमीटरला सहा-साडेसहा अंश तापमान उतरतं, म्हणून थंडी म्हणजे उंची.

दिसलं, तरी पोहोचलं नाही

त्याच वर्षी, १२ आणि १३ नोव्हेंबर १९७० च्या मधल्या रात्री, तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात, म्हणजे आजच्या बांगलादेशात, भोला चक्रीवादळ किनाऱ्यावर आलं. भरतीची वेळ आणि अंधार. समुद्राची लाट सपाट बेटांवरून सरळ आत गेली. किमान तीन लाख माणसं मेली असं मानलं जातं. आयटॉस-१ च्या चित्रांत हे वादळ दिसलेलं होतं. वादळ वरून दिसणं आणि ते किती जोराचं आहे, कुठे, कधी येईल हे खालच्या माणसाला वेळेत कळणं, यांमधलं अंतर त्या रात्री समोर आलं.

या अंतराचा एक भाग तंत्राचा होता. चित्रात गोल फिरणारे ढग दिसले तरी वाऱ्याचा वेग किती हे कसं सांगायचं? अमेरिकेच्या व्हर्नन ड्वोरॅक यांनी १९७० च्या दशकात एक रीत बसवली. ढगांचा आकार, पट्ट्यांचं वळण, मध्यभागाची ठेवण बघून वादळाला एक ते आठ असा क्रमांक द्यायचा, अर्ध्या-अर्ध्या पायरीने, आणि क्रमांकावरून वाऱ्याचा अंदाज करायचा. १९७५ साली ती प्रसिद्ध झाली. पण ती मुख्यतः दिवसाच्या चित्रांवर आधारलेली होती. वादळाला मात्र दिवस-रात्रीचा भेद नसतो. संध्याकाळी सहाला शेवटचं चांगलं चित्र मिळालं आणि पहाटेपर्यंत वादळ दुप्पट बळावलं, तर मधले बारा तास काय करायचं?

१९८४ साली ड्वोरॅक यांनी इन्फ्रारेड चित्रांसाठीची पद्धत सविस्तर मांडली. ती वाचताना मला प्रोग्रॅमर म्हणून फार आनंद होतो, कारण तिच्या मुळाशी साधा तक्ता आहे. उणे ३१ ते उणे ४२ अंश असेल तर गडद करडा, उणे ५४ पर्यंत मध्यम करडा, उणे ६४ पर्यंत फिका, मग एकदम काळा, उणे ७० च्या खाली पांढरा, आणि त्याहून थंड असेल तर पुन्हा करड्या छटा. रंग असे मुद्दाम तुटक ठेवले की, वादळाच्या डोळ्याभोवतीचं थंड कडं एका नजरेत उठून दिसावं. मग दोन तापमानं वाचायची. डोळा किती उबदार आणि त्याभोवतीचं कडं किती थंड. फरक जितका मोठा तितकं वादळ जोराचं. आता हे मध्यरात्रीही करता येऊ लागलं, आणि मोजणाऱ्याच्या नजरेपेक्षा आकड्यावर विसंबता येऊ लागलं.

भारतासाठी याचं महत्त्व मोठं होतं. अमेरिकेसारखी वादळात विमानं घुसवून वारा मोजायची सोय आपल्याकडे नव्हती. भर समुद्रातल्या वादळाचं बळ ठरवायला उपग्रहाचं चित्र हाच मुख्य आधार. आजही हवामान विभागाच्या चक्रीवादळाच्या इंग्रजी पत्रकात टी हे अक्षर आणि पुढे एक आकडा दिसतो. तो ड्वोरॅक यांचा क्रमांक.

आपला इन्सॅट

निम्बस, आयटॉस हे अमेरिकेचे सुरुवातीचे उपग्रह ध्रुवांवरून फिरणारे. एका जागेवरून ते दिवसातून एक-दोनदा जात. सतत लक्ष ठेवायचं तर विषुववृत्तावर सुमारे छत्तीस हजार किलोमीटर उंचीवर, पृथ्वीबरोबर फिरणारा भूस्थिर उपग्रह हवा. रात्रंदिवस इन्फ्रारेड चित्रं देणारा असा पहिला उपग्रह अमेरिकेने मे १९७४ मध्ये सोडला. भारताने त्यानंतर आठच वर्षांत, १० एप्रिल १९८२ रोजी, इन्सॅट-१ए पाठवला. तो सप्टेंबरमध्येच निकामी झाला. पुढचा इन्सॅट-१बी ३० ऑगस्ट १९८३ रोजी चॅलेंजर या स्पेस शटलमधून गेला. शटलचं ते रात्रीच्या अंधारात झालेलं पहिलंच उड्डाण, आणि ती रात्रीची वेळ या उपग्रहाच्या गरजेमुळेच ठरली होती. रात्रीचे ढग पाहणारा आपला पहिला टिकाऊ उपग्रह रात्रीच निघाला, हा योग मला आवडतो.

त्याच्यावरच्या उपकरणात दोन पट्टे होते. दृश्य प्रकाशाचा, पावणेतीन किलोमीटरच्या ठिपक्याचा, आणि इन्फ्रारेड, अकरा किलोमीटरच्या ठिपक्याचा. रात्रीचं चित्र दिवसापेक्षा चौपट भरड, कारण उष्णतेचे किरण दुबळे असतात आणि त्यांची तरंगलांबी मोठी असते. लहानपणी दूरदर्शनच्या बातम्यांत शेवटी दिसायचं ते धूसर चित्र, पांढऱ्या रेषेने काढलेला भारताचा नकाशा आणि त्यावर कापसासारखे पुंजके, ते याच मालिकेतल्या उपग्रहांचं.

त्यानंतरचा प्रवास झपाट्याने सांगते. १९९२ च्या इन्सॅट-२ए पासून हे उपग्रह आपणच बांधू लागलो आणि रात्रीचा ठिपका आठ किलोमीटरवर आला. १२ सप्टेंबर २००२ रोजी फक्त हवामानासाठीचा उपग्रह गेला. फेब्रुवारी २००३ मध्ये कोलंबिया यानाच्या अपघातानंतर त्याला कल्पना चावला यांचं नाव दिलं गेलं. २६ जुलै २०१३ रोजी इन्सॅट-३डी गेला. सहा पट्टे, इन्फ्रारेडचा ठिपका चार किलोमीटरचा. २०१६ मध्ये त्याचा जोडीदार ३डीआर आल्यावर दोघांची आलटून पालटून दर पंधरा मिनिटांनी चित्रं मिळू लागली. २०२४ मध्ये ३डीएस आला.

१२ ऑक्टोबर २०१३ च्या रात्री साडेदहाच्या सुमारास फायलिन हे अतितीव्र चक्रीवादळ ओडिशात गोपाळपूरजवळ किनाऱ्यावर आलं. त्याआधी सुमारे दहा लाख माणसांना हलवलं होतं. १९९९ च्या महाचक्रीवादळात त्याच राज्यात दहा हजारांच्या आसपास माणसं गेली होती. फायलिनमध्ये बळींची संख्या काही दहांत राहिली. याचं श्रेय एकट्या उपग्रहाचं नाही. निवारे, रस्ते, गावोगावचे स्वयंसेवक, सगळ्यांचं आहे. पण रात्रभर दर अर्ध्या तासाने वादळाचं तापमान वाचता येत होतं, हे त्यातलं एक पाऊल होतं.

जिथे उष्णता फसवते

आता इतिहासाचा मला सर्वांत आवडणारा भाग. उष्णतेवरून उंच ढग छान कळतात. पण जमिनीलगतचे ढग आणि धुकं? त्यांचा माथा शे-दोनशे मीटरवर असतो, तापमान जमिनीइतकंच. हिवाळ्यातल्या निरभ्र रात्री तर जमीन इतकी गार होते की, धुक्याचा माथा जमिनीपेक्षा उबदार असू शकतो. मग इन्फ्रारेड चित्रात धुकं आजूबाजूच्या जमिनीत मिसळून जातं, क्वचित तिच्याहून काळं दिसतं. उत्तर भारतात डिसेंबर-जानेवारीत शेकडो किलोमीटर पसरलेलं धुकं रात्रीच्या चित्रात दिसायचंच नाही. सकाळी विमानं आणि गाड्या खोळंबल्यावर, सूर्य उगवून दृश्य प्रकाशातलं चित्र आल्यावर, ते उघड व्हायचं.

यावरचा उपाय निम्बसने सोडून दिलेल्या जुन्या तरंगलांबीत निघाला. धुक्याचे बारीक थेंब अकरा मायक्रॉनला जवळजवळ पूर्ण क्षमतेने किरण टाकतात, पण पावणेचार मायक्रॉनच्या आसपास थोडे कमी. त्यामुळे एकाच धुक्याचं तापमान दोन तरंगलांबींनी मोजलं की दोन वेगळे आकडे येतात, दुसरा काही अंशांनी कमी. उघड्या जमिनीवर हा फरक फारसा पडत नाही. १९७३ साली हंट यांनी गणिताने हे दाखवलं होतं. १९८४ मध्ये ब्रिटनच्या हवामान खात्यातल्या आयर, ब्राउन्सकॉम आणि ॲलम यांनी उपग्रहाची खरी मोजमापं घेऊन एकातून दुसरं वजा केलं आणि रात्रीचं धुकं उजळून निघालं.

वजाबाकी! तिसरीतलं गणित. दोन चित्रांत जे वेगवेगळं पाहून दिसत नव्हतं, ते त्यांच्या फरकात दिसलं. जिथे उंच आणि विरळ सिरस ढग असतात तिथे फरकाचं चिन्ह उलटं येतं, म्हणजे तेही वेगळे काढता येतात. इन्सॅट-३डीवर ३.९ मायक्रॉनचा पट्टा घेण्यामागे रात्रीचं धुकं आणि खालचे ढग टिपणं हा एक उघड हेतू होता. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २०१५ च्या हिवाळ्यापासून दिल्ली विमानतळावर धुक्याचा मोठा प्रयोग सुरू केला, त्यात अशा अंदाजांना जमिनीवरच्या मोजमापांची जोड मिळाली.

दुसरी फसवणूक आपल्या दारातली आहे. १९७० च्या दशकाच्या अखेरीस फिलिप आर्किन यांनी एक सोपं सूत्र दिलं. ज्या ठिपक्याचं तापमान उणे ३८ अंशांपेक्षा कमी, तिथे ताशी तीन मिलिमीटर पाऊस धरा. ते अटलांटिकवरच्या निरीक्षणांतून आलं होतं आणि मोठ्या पट्ट्यांच्या सरासरीसाठी उत्तम चालतं. पण आपल्या सह्याद्रीवर? समुद्रावरून आलेली दमट हवा डोंगराला धडकते, चढते आणि फार उंच न जाताच धो धो बरसते. या ढगांचे माथे पुष्कळदा त्या सूत्राला हवे तितके थंड नसतात. आपल्या शाळेच्या मैदानात गुडघाभर पाणी आणि उपग्रहाच्या पावसाच्या नकाशात हलका पाऊस, हे म्हणूनच होऊ शकतं. १९९७ च्या अखेरीस ढगांच्या आत पाहणारा रडार घेऊन ट्रम उपग्रह गेला, तेव्हा पश्चिम घाटातल्या या बुटक्या, जोरदार ढगांचं रूप वरून नीट दिसलं. २०१२ पासून महाबळेश्वरला याच पुण्याच्या संस्थेची प्रयोगशाळा ढगांच्या आत बसून त्यांचे थेंब मोजते आहे.

बंदरावरची रात्र

आपल्या वर्गात बंदरावरून येणारी मुलं होती. त्यांच्या घरच्या होड्या रात्रीच्या समुद्रात असत, आणि काहींच्या आजही असतात. नोव्हेंबर २००९ मध्ये फयान आलं. १० तारखेच्या रात्री ते आपल्या समोरच्या समुद्रात होतं आणि ११ तारखेला दुपारी अलिबाग ते मुंबईच्या दरम्यान किनाऱ्यावर चढलं. कोकणातले कित्येक खलाशी परतले नाहीत. उष्णतेच्या चित्राला रात्रीचे ढग दिसतात, पण होडीवरच्या तांडेलाला ते चित्र दिसत नाही. मोबाइलची रेंज किनाऱ्यापासून दहा-बारा किलोमीटरांवर संपते. २०१९ मध्ये हैदराबादच्या इन्कॉइस या संस्थेने जेमिनी नावाचं छोटं उपकरण आणलं. ते रेंजच्या पलीकडेही उपग्रहावरून इशारे पोहोचवतं. भोलापासून राहिलेलं अंतर कमी करायचे प्रयत्न असे अजून चालू आहेत. आपल्यापैकी ज्यांचा बंदराशी संबंध आहे त्यांना माझी विनंती, आपल्याकडच्या किती होड्यांवर हे आहे याची एकदा विचारपूस करा.

इतिहासातलं ताजं पान मात्र उजेडाचं आहे. २८ ऑक्टोबर २०११ रोजी गेलेल्या एका अमेरिकन उपग्रहावर असा संवेदक आहे, जो चांदण्यात न्हालेले ढग दृश्य प्रकाशातच पाहतो. अमावास्येलाही, वरच्या वातावरणातल्या वायूंची जी अतिशय मंद प्रभा असते तिच्यात त्याला ढग दिसतात, हे २०१२ मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवलं. म्हणजे रात्री दोनलाही थोडा उजेड असतो. या उपग्रहाला नाव दिलं आहे सुओमी यांचं, त्या शाळामास्तरांचं.

आता ग्रुपवर पुढचं मध्यरात्रीचं चित्र आलं की तीन गोष्टी पाहा. पांढरं म्हणजे थंड आणि उंच. प्रत्येक पांढरा ढग पाऊस देत नाही, वादळाच्या माथ्यावरून वाऱ्याने पसरलेला विरळ सिरसही तितकाच पांढरा दिसतो. काळं म्हणजे निरभ्र असंही नाही, खाली धुकं किंवा सह्याद्रीचा बुटका ढग असू शकतो. आणि कोपऱ्यातली वेळ वाचा. ती बहुधा ग्रीनिच वेळ असते, तिच्यात साडेपाच तास मिळवा. जुनं चित्र आजचं म्हणून पुढे पाठवण्याआधी तारीखही बघा, म्हणजे घरी वाट पाहणाऱ्यांचा जीव उगाच टांगणीला लागणार नाही.

मेळाव्याच्या दिवशी मी लॅपटॉप घेऊन येणार आहे. विज्ञानाच्या सरांची परवानगी मिळाली तर दुपारच्या जेवणानंतर प्रयोगशाळेत आदल्या रात्रीची दोन चित्रं लावू, एक अकरा मायक्रॉनचं आणि एक ३.९ चं. वजाबाकी भूगोलाच्या बाईंच्या हस्ते.